आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा? (हा प्रश्न दोघांनाही विचारायला हवा)

पैलतीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंदू आणि बौद्ध विचारांची तुलना निघाली की एक मुद्दा हमखास येतो. हिंदू आत्मा मानतात, तो या देहातून त्या देहात जातो, त्यामुळे पुनर्जन्माचा हिशोब नीट लागतो, आणि बुद्धांनी आत्माच नाकारला तर मग पुनर्जन्म कोणाचा, कर्माचं फळ कोणाला, म्हणजे बौद्धांची थिअरी मुळातच तुटकी. हे इतक्या खात्रीने लिहिलं जातं की वाचणाऱ्याला वाटतं प्रश्न फक्त बौद्धांनीच सोडवायचाय. मला हे अजिबात पटत नाही. प्रश्न दोघांचाही आहे, आणि निदान सांख्य आणि अद्वैत यांनी तरी तो सोडवताना आत्म्याला प्रवासाला पाठवलेलंच नाहीये.

सांख्यकारिकेतली ६२ वी कारिका बघा: "तस्मान्न बध्यतेऽद्धा न मुच्यते नापि संसरति कश्चित्। संसरति बध्यते मुच्यते च नानाश्रया प्रकृतिः॥" पुरुष, म्हणजे सांख्यांचा आत्मा, ना बांधला जातो, ना सुटतो, ना जन्मोजन्मी फिरतो. फिरते ती प्रकृती, म्हणजे सगळ्या जड सृष्टीचं मूळ. पुरुष नुसता बघणारा. जे एका जन्मातून दुसऱ्यात जातं ते लिंगशरीर, म्हणजे बुद्धी, अहंकार, मन, इंद्रियं, तन्मात्रं (शब्द, स्पर्श वगैरेंची सूक्ष्म रूपं) यांचा गट, आणि त्याला आधीच्या वागण्याचे संस्कार चिकटलेले असतात. अद्वैतात हेच जरा वेगळ्या मोजणीने येतं, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी असं १७ अवयवांचं सूक्ष्म शरीर, आणि जाणं-येणं सगळं त्याचं. आत्मा सर्वव्यापी आहे, मग तो जाणार कुठून आणि कुठे?

याहून जुना आणि माझ्या मते याहून जबरदस्त संवाद बृहदारण्यक उपनिषदात आहे, तिसऱ्या अध्यायात. जनकाच्या सभेत जारत्कारव आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो की माणूस मेला, वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, मन चंद्रात, शरीर पृथ्वीत, तर मग हा पुरुष कुठे राहिला? भर सभेत विचारलेला प्रश्न. याज्ञवल्क्य म्हणतो, बाबा रे, तुझा हात दे, हे लोकांत बोलायचं नाही, आपण दोघंच जाणून घेऊ. दोघं बाजूला जातात. आणि उपनिषद पुढे सांगतं की ते बोलले ते कर्माबद्दल बोलले, त्यांनी वाखाणलं ते कर्मच. पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी. "आत्मा दुसऱ्या शरीरात जातो" असं एक वाक्य टाकून विषय संपवता आला असता, पण इथे याज्ञवल्क्य तसं करत नाही.

आता बुद्धांकडे. मज्झिम निकायात (बुद्धांच्या पाली सुत्तांचा एक संग्रह) महातण्हासंखय सुत्त आहे. साति नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, तो सगळ्यांना सांगत फिरतो की बुद्धांच्या शिकवणुकीप्रमाणे हेच विज्ञान (इथे अर्थ जाणीव), जे बोलतं, अनुभवतं, बऱ्यावाईट कर्माची फळं भोगतं, तेच न बदलता जन्मोजन्मी फिरतं. इतर भिक्खू समजावतात, तो ऐकत नाही. शेवटी बुद्ध बोलावून घेतात आणि कडक शब्दात झापतात, मूर्ख माणसा, असं मी कुणाला शिकवलं? विज्ञान कारणाशिवाय उभं राहत नाही असं मी अनेक प्रकारे सांगितलंय ना? लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची, शेणावर पेटली तर शेणाची, तसं डोळा आणि रूप यांच्यामुळे उठतं ते चक्षुविज्ञान, कान आणि आवाज यांच्यामुळे उठतं ते श्रोत्रविज्ञान. साति खांदे पाडून, मान खाली घालून गप्प बसून राहतो.

म्हणजे जन्म बदलताना "काय पुढे जातं" याचं उत्तर दोन्हीकडे बरंचसं सारखं आहे, कर्म आणि संस्कार. खरा फरक पुढच्या पायरीवर आहे. या सगळ्याच्या मागे एक न बदलणारा साक्षी आहे का? सांख्य आणि वेदांत म्हणतात आहे, बुद्ध म्हणतात तसं काही धरून बसू नका. वाद घालायचा तर इथे घालूया.

मृदगंध

छान धागा, पण मला एक शंका आहे. गीतेत सरळ सरळ "वासांसि जीर्णानि यथा विहाय" म्हटलंय, जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो तसा देही जुनी शरीरं टाकून नवी घेतो. आता याच्यात आत्मा प्रवास करत नाही हे कसं काय म्हणणार? सामान्य माणसाला तर हाच श्लोक पाठ असतो.

पैलतीर

मृदगंध, श्लोक बरोबर आहे (२.२२). पण त्याला १५ व्या अध्यायातल्या ७ आणि ८ व्या श्लोकांची जोड देऊन वाचा. तिथे म्हटलंय की जीव जाताना मन आणि पाच इंद्रियं बरोबर घेऊन जातो, जसा वारा फुलांमधून गंध घेऊन जातो, "वायुर्गन्धानिवाशयात्". म्हणजे दुसऱ्या अध्यायात जे कपडे बदलण्याइतकं सोपं वाटतं ते इथे उलगडून सांगितलंय, सामान कोणतं जातं ते सांगितलंय. आणि दुसऱ्याच अध्यायात दोन श्लोक पुढे (२.२४) त्याच देहीला "नित्यः सर्वगतः स्थाणुः" म्हटलंय, सगळीकडे असणारा आणि न हलणारा. न हलणारा आहे तर जाणं कुणाचं? अद्वैती म्हणतो उपाधीचं, म्हणजे सूक्ष्म शरीराचं, आणि आत्मा गेल्यासारखा वाटतो.

वेदवती

इथे मला आडवं यावंच लागेल. पैलतीर, तुम्ही "हिंदू" म्हणून जे मांडताय ते शंकराचार्यांचं आणि सांख्यांचं मत आहे, सगळ्या वेदांताचं नाही. रामानुजाचार्यांच्या मते जीव खरा आहे, अनेक आहेत, आणि प्रत्येक जीव अणुपरिमाण आहे, त्यामुळे तो खरंच देह सोडतो, खरंच जातो आणि खरंच परत येतो. वेदांताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रात "उत्क्रान्तिगत्यागतीनाम्" असं सूत्रच आहे (२.३.१९). निघणं, जाणं आणि येणं या तीन गोष्टी श्रुतीत सांगितल्यात त्या अर्थी जीव अणू असला पाहिजे, कारण सर्वव्यापी वस्तूला या तिन्ही गोष्टी शक्य नाहीत. शंकराचार्य हेच सूत्र पूर्वपक्षात, म्हणजे खोडून काढायच्या मतात ढकलतात, रामानुज ते सिद्धांत म्हणून घेतात. मध्वाचार्यांचा द्वैत वेदांतही जीवाला अणूच मानतो. आणि भक्तीच्या परंपरेत ज्या जीवाला देव हाका मारतो, ज्याची वाट बघतो, तो जीव नुसती उपाधी कसा असेल? तुमचा मुद्दा अद्वैतापुरता मान्य, पण वैष्णव वेदांतात प्रवासी खरा आहे.

पैलतीर

वेदवतीताई, मान्य आहे, आणि म्हणूनच कंसात नाही तर थेट "निदान सांख्य आणि अद्वैत" असं लिहिलं होतं. रामानुजांची भूमिका घेतली तर बौद्धांशी असलेला फरक फार मोठा होतो आणि तो तसाच मोठा ठेवायला हवा, "सगळे धर्म एकच सांगतात" म्हणून त्याच्यावर पाणी ओतण्यात काही हशील नाही. फक्त एक विचारतो, रामानुजांचा जीवही एकटा जात नाही ना? ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवातच "रंहति संपरिष्वक्तः" अशी आहे, म्हणजे तो सूक्ष्म भूतांनी वेढलेला जातो. पुढचा जन्म कसा असणार हे त्याच्याबरोबर असलेल्या कर्मावरून ठरतं. म्हणजे जीव खरा प्रवासी मानला तरी "अमुक जन्म का" याचं उत्तर परत कर्मावरच येतं.

वेदवती

हो, कर्मावर येतं, पण ते कर्म कुणाचं याला पत्ता आहे. बौद्धांकडे पत्ता नाही, हा माझा आक्षेप कायम.

सम्यक_वाट

पत्त्याचाच प्रश्न मिलिंदपञ्ह या पाली संवादग्रंथात आलाय. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला, आणि नागसेन स्थविर. रथाचा दाखला सगळ्यांना माहीत असतो, चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, वगैरे. पण पुनर्जन्माच्या मुद्द्यावर मला आंब्याच्या चोराचा दाखला जास्त भिडतो. एक माणूस दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो, राजापुढे आणल्यावर म्हणतो, महाराज मी याचे आंबे घेतलेच नाहीत, याने पेरले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे. नागसेन विचारतो, हा दोषी की नाही? मिलिंद म्हणतो दोषीच, कारण तोडलेले आंबे पेरलेल्या आंब्यामुळेच तर आले. तसंच या नामरूपाने (म्हणजे मन आणि शरीर मिळून) कर्म केलं त्याच्यामुळे दुसरं नामरूप जन्माला आलं, म्हणून ते आधीच्या कर्मातून सुटत नाही.

म्हणजे जबाबदारी टिकायला वस्तू तीच असावी लागत नाही, कारणाची साखळी अखंड असावी लागते. दुसरा दाखला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एक नाही, पण वेगळीही नाही, "न च सो न च अञ्ञो".

ऋतुराज_वाचक

दाखले सुंदर आहेत, पण त्यांनी आक्षेप मिटत नाही. आंबा आंबा आहे, त्याला आपण आंबा असल्याची आठवण नसते. मला "कालचा मी" आठवतो. ब्रह्मसूत्रभाष्यात "अनुस्मृतेश्च" या सूत्रावर (२.२.२५) शंकराचार्यांनी नेमका इथेच हात घातलाय. ज्याने अनुभव घेतला आणि ज्याला तो आठवतो तो एकच असला पाहिजे, एकाने पाहिलं आणि दुसऱ्याला आठवलं असं होत नाही. आणि "हे त्याच्यासारखं आहे" असं म्हणायला सुद्धा दोन्ही क्षण बघणारा एक कुणीतरी लागतो, सगळं क्षणिक असेल तर तुलना करणार कोण? शिवाय बौद्ध साखळी धरली तर केलेल्या कर्माचं फळ करणाऱ्याला मिळत नाही आणि न केलेल्याचं फळ भलत्यालाच भोगावं लागतं, यालाच कृतनाश आणि अकृताभ्यागम म्हणतात. हा साधासुधा आक्षेप नाही.

सम्यक_वाट

ऋतुराज, आक्षेप मोठा आहे म्हणूनच त्याच्यावर बौद्धांचं शेकडो वर्षं काम चाललं. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी आपल्या अभिधर्मकोशाच्या शेवटच्या नवव्या भागात आठवणीचाच प्रश्न घेतलाय. उत्तर असं की आठवण हा त्याच चित्तप्रवाहात उठणारा नंतरचा क्षण आहे, अनुभवाने मागे जे बीज ठेवलं त्यातून उठलेला. देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला आठवत नाही कारण त्यांच्या चित्तांमध्ये कार्यकारणाचा संबंध नाही. मालक लागत नाही, प्रवाह लागतो.

आणि गंमत नाही तर खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे की बौद्धांमध्येही सगळ्यांना हे पुरेसं वाटलं नाही. वात्सीपुत्रीय आणि सम्मितीय हे बौद्धच संप्रदाय "पुद्गल" मानायचे, स्कंधांहून (रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे माणसाचे पाच घटक) वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही असा. वसुबंधूंचा तो नववा भाग मुख्यतः त्यांच्याच विरोधात आहे. पुढे योगाचारांनी आलयविज्ञान मांडलं, सगळी बीजं साठवणारं, थेरवादी परंपरेत भवंग, म्हणजे चित्ताचा तळाशी चालू राहणारा प्रवाह, आलं. मेल्यावर आणि पुन्हा जन्मायच्या आधी मधली अवस्था असते का यावर पण मतभेद, सर्वास्तिवादी अंतराभव मानतात, थेरवादी मानत नाहीत, तिबेटी परंपरेत ती जास्तीत जास्त ४९ दिवसांची. तेव्हा "बौद्ध मत" म्हणून एकच उत्तर कुणी सांगायला लागलं तर तिथेही सावध राहायला हवं.

पैलतीर

सम्यक, याला जोडून अचेल कस्सप या नग्न तपस्व्याचा बुद्धांशी झालेला संवाद सांगतो (संयुत्त निकाय, निदान वग्ग). तो विचारतो दुःख स्वतःने केलेलं असतं का? बुद्ध म्हणतात असं म्हणू नकोस. मग दुसऱ्याने केलेलं? तसंही म्हणू नकोस. कारण "जो करतो तोच भोगतो" म्हटलं की शाश्वतवाद (कुणीतरी कायम तोच राहतो), "करणारा एक आणि भोगणारा दुसरा" म्हटलं की उच्छेदवाद (मेल्यावर सगळं तुटतं). दोन्ही टोकं सोडून ते थेट प्रतीत्यसमुत्पाद सांगतात, अविद्येमुळे संस्कार, संस्कारांमुळे विज्ञान, अशी १२ निदानांची साखळी. म्हणजे ऋतुराज म्हणतो तो अकृताभ्यागमाचा धोका बुद्धांना स्वतःलाच दिसत होता, ते त्या टोकालाही जायला तयार नाहीत. वेदवतीताईंच्या "पत्ता" या शब्दात उत्तर द्यायचं तर बुद्ध म्हणतील, पत्ता मागणंच सोडा, टपाल कुठून निघालं आणि कशामुळे पुढे सरकलं ते बघा.

निळी_पहाट

मी इतका वेळ नुसती वाचत होते, पण आता लिहिते, कारण या चर्चेतली एक मोठी गोष्ट सगळेच टाळतायत. कर्म आणि पुनर्जन्म हा फक्त तत्त्वज्ञानाचा विषय कधीच नव्हता. पैलतीर, तुम्ही उपनिषदांची नावं घेतलीत, मग छांदोग्य पण पूर्ण वाचा. पाचव्या अध्यायात प्रवाहण जैवली राजा पंचाग्निविद्या सांगतो, पुनर्जन्म कसा होतो ते तपशीलवार, आणि त्याच ओघात ५.१०.७ मध्ये येतं की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात आणि ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. चांडाळ माणूस आहे आणि त्याला कुत्र्या-डुकराच्या रांगेत बसवलंय. ज्यांच्या शेकडो पिढ्यांना "तुमच्याच मागच्या जन्मीचं पाप" असं सांगण्यात आलं त्यांच्यासाठी लिंगशरीर १७ अवयवांचं की १८, हा प्रश्न दुय्यम आहे.

डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकात नेमका हाच प्रश्न घेतलाय की बुद्धांनी आत्मा नाकारला आणि तरी कर्म आणि पुनर्जन्म मानला असं म्हणतात, मग हे जुळणार कसं. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. त्यांचं उत्तर असं की पुनर्जन्म आहे तो आत्म्याचा नाही, शरीरातले पृथ्वी, आप, तेज, वायू हे घटक आपापल्या साठ्यात मिसळतात आणि त्यातून नवं घडतं, पण तोच माणूस परत येतो असं नाही. आणि कर्माचा नियम म्हणजे समाजातली नैतिक व्यवस्था टिकवणारा नियम, गेल्या जन्मीच्या पापाचा हिशोब नाही. गरिबाला त्याच्या गरिबीचं कारण मागच्या जन्मात दाखवणारी शिकवण बुद्धांची असूच शकत नाही, अशी त्यांची भूमिका आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा आज माझा नवा जन्म होतोय, असं मानण्याची प्रतिज्ञा त्या २२ प्रतिज्ञांमध्ये होती. जन्म बदलायला मरावं लागत नाही. मला हा अर्थ सगळ्यात जवळचा आहे.

वेदवती

निळी_पहाट, छांदोग्यातलं ते वाक्य मी पण वाचलंय आणि मी वैष्णव परंपरेतली असूनही त्याचं समर्थन करणार नाही. ते तिथे आहे हे खरं आहे आणि त्याचा वापर कसा झाला तेही खरं आहे.

सम्यक_वाट

निळी_पहाट, तुमच्या प्रतिसादाशी मनापासून सहमत, आणि पाली साहित्यात याला भक्कम आधार आहे. संयुत्त निकायात सीवक परिव्राजक विचारतो की माणसाला जे काही सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं म्हणणारे श्रमण-ब्राह्मण आहेत, तुमचं काय मत? बुद्ध म्हणतात पित्तामुळे होतं, कफामुळे होतं, वातामुळे होतं, तिन्ही बिघडल्यामुळे, ऋतू बदलल्यामुळे, निष्काळजी वागण्यामुळे, कुणी मारहाण केल्यामुळे होतं, आणि आठवं कर्माच्या विपाकामुळे. जे "सगळं पूर्वकर्मामुळे" म्हणतात ते स्वतःला दिसणाऱ्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात. अंगुत्तर निकायात तर स्पष्टच म्हटलंय की सगळं पूर्वकर्माने ठरलेलं मानलं तर हे करावं आणि हे करू नये, याला अर्थच उरत नाही.

पण अर्धंच सांगून थांबणं बरोबर नाही. मज्झिम निकायात चूळकम्मविभंग सुत्त पण आहे. शुभ माणव विचारतो माणसांत कुणी अल्पायुषी कुणी दीर्घायुषी, कुणी गरीब कुणी श्रीमंत, कुणी नीच कुळात कुणी उच्च कुळात, हे कशामुळे, आणि तिथे उत्तर कर्म असंच आहे. हिंसा करणारा अल्पायुषी होतो, दान न देणारा गरीब होतो, गर्विष्ठ माणूस हलक्या कुळात जन्मतो. म्हणजे तिपिटकात दोन्ही सूर आहेत. बाबासाहेबांनी त्यातला कोणता सूर बुद्धांचा मानायचा हे विवेकाची कसोटी लावून ठरवलं, आणि तशी कसोटी त्यांनी ग्रंथातच मांडलीय.

निळी_पहाट

हो, बुद्धांच्या नावावर असलेलं प्रत्येक वाक्य बुद्धांचंच म्हणून घ्यायचं नाही, जे विवेकाला धरून आहे, तर्काला धरून आहे तेच घ्यायचं, ही ती कसोटी. ती मला तरी अगदी बौद्ध वाटते.

मृदगंध

एक वेगळं विचारू का. वडील जाऊन फार काळ झालेला नाही. घरात कुणी म्हणतं ते याच घरात परत येतील, कुणी म्हणतं पितृलोकात आहेत, कुणी म्हणतं मुक्त झाले. हे सगळं एकदम कसं खरं असेल? आणि या दोन्ही परंपरांमध्ये "ते" म्हणजे माझे वडील, जसे मला माहीत होते तसे, कुठे उरतात का?

पैलतीर

मृदगंध, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. विचारलंय तसंच सरळ सांगतो. जुन्या ग्रंथांमध्ये हे वेगवेगळे विचार एकावर एक साठत गेलेत. पितरांची कल्पना ऋग्वेदापासून आहे, तिथे मेलेला यमाकडे, पितरांकडे जातो. उपनिषदांमध्ये पितृयान आणि देवयान असे दोन मार्ग येतात, पितृयानाने गेलेला चंद्रलोकातून पावसाच्या वाटेने धान्यात येऊन परत जन्मतो, देवयानाने गेलेला परत येत नाही. जुनं पुसून नवं लिहिलं गेलं नाही, त्याच्या शेजारीच लिहिलं गेलं. घरातली तिन्ही माणसं तीन वेगळ्या थरांमधून बोलतायत. बुद्धांनाही जाणुस्सोणी ब्राह्मणाने विचारलंय की आम्ही श्राद्ध घालतो ते गेलेल्यांना पोचतं का. बुद्ध सांगतात, प्रेतयोनीत असतील तर पोचतं, इतर योनीत गेले असतील तर पोचत नाही, पण देणाऱ्याचं दान कधी वाया जात नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कठीण आहे. तुमचे वडील म्हणून जे होते, ते नाव, ते बोलणं, तुमच्याशी असलेलं ते नातं, ते जसंच्या तसं पुढच्या जन्मात जातं असं इथली मुख्य मतं सांगत नाहीत. सूक्ष्म शरीराबरोबर संस्कार जातात, नाव जात नाही. बौद्ध प्रवाहातही चेतनेचे परिणाम जातात, व्यक्ती जात नाही. वेदवतीताईंच्या परंपरेत जीव तोच राहतो, तिथे थोडा वेगळा दिलासा आहे, तो त्या सांगू शकतील. पण त्यांनी तुमच्यात जे पेरलं ते तुमच्यातून पुढे चाललंय, हे मात्र यातली कुठलीही परंपरा नाकारणार नाही.

वेदवती

मृदगंध, आमच्याकडे जीव नित्य आहे आणि भगवंत त्याला कधीच विसरत नाही. आपण त्यांना ओळखू की नाही हा नंतरचा प्रश्न, त्यांना ओळखणारा कुणीतरी कायम आहे. मला स्वतःला याचा आधार वाटत आलाय.

मृदगंध

दोघांचेही आभार. परत परत वाचेन.

अनाहत_५

मी ध्यानाच्या बाजूने लिहितो. बरीच वर्षं विपश्यना करतोय आणि मधल्या काळात वेदांताचा अभ्यासही केला. धाग्यात म्हटलंय की खरा फरक साक्षी आहे की नाही इथे आहे, तर तो प्रत्यक्ष बसल्यावर कुठे येतो ते सांगतो. सुरुवातीला दोन्हीकडे एकच काम चालतं. अनत्तलक्खण सुत्तात पंचवर्गीय भिक्खूंना, म्हणजे पहिल्या पाच शिष्यांना, बुद्ध एकेक स्कंध घ्यायला लावतात, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, आणि प्रत्येकाला "हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही" म्हणायला लावतात. त्यांचं लॉजिक पण बघा, शरीर खरंच "मी" असतं तर "माझं शरीर असं असू दे, असं नसू दे" हे मला म्हणता आलं असतं. याज्ञवल्क्याचं "नेति नेति" हेच करतं. गुडघा दुखतोय, ते दुखणं मी नाही. दुखण्याचा राग येतोय, तो राग मी नाही. इथपर्यंत दोन्ही वाटा हातात हात घालून चालतात.

मग एक टप्पा येतो जिथे सगळं शांत होतं आणि नुसतं जाणणं उरतं. वेदांताचा गुरू म्हणेल, पोचलास, हाच द्रष्टा, हा दृश्य होऊ शकत नाही, इथे राहा. विपश्यनेत सांगतील, हे जाणणंही उठतंय आणि मिटतंय, नीट बघ, इथे घर करू नकोस. मी दोन्ही करून पाहिलं. जाणणं मिटताना दिसतं हे खरं. पण ते मिटताना दिसलं असं म्हणतो तेव्हा वेदांती लगेच विचारतो, कुणाला दिसलं? मला या प्रश्नाचं अजून शेवटचं उत्तर सापडलेलं नाही आणि ते वादातून सापडेल असंही वाटत नाही.

ऋतुराज_वाचक

अनाहत, जबरदस्त लिहिलंय. पण मग शंकराचार्यांवर "प्रच्छन्न बौद्ध" (छुपे बौद्ध) असा आरोप झाला त्यात तथ्य आहे असंच म्हणायचं का? शंकराचार्यांच्या आधीचे अद्वैताचे आचार्य गौडपाद, त्यांची कारिका तर म्हणते "न कश्चिज्जायते जीवः", कुणी जीव जन्मतच नाही.

पैलतीर

ऋतुराज, गौडपादांवर बौद्ध विचारांची छाया आहे हे चौथं प्रकरण वाचताना जाणवतंच, शब्द, दाखले सगळं. पण शेवट वेगळा आहे. गौडपाद म्हणतात जीव जन्मत नाही कारण अजन्मा ब्रह्म एकच आहे. शून्यवादी बौद्ध आचार्य नागार्जुन असं कुठलंही तत्त्व मागे शिल्लक ठेवत नाहीत. मूलमध्यमककारिकेच्या १८ व्या प्रकरणात ते म्हणतात, बुद्धांनी आत्मा आहे असंही सांगितलं, अनात्म आहे असंही सांगितलं, आणि आत्मा किंवा अनात्म असं काहीच नाही असंही सांगितलं. म्हणजे "अनात्म" हेसुद्धा मत म्हणून कवटाळायचं नाही. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने आत्मा आहे का विचारल्यावर बुद्ध गप्प राहिले, आत्मा नाही का विचारल्यावरही गप्प राहिले, त्याच्याशी हे जुळतं.

ऋतुराज_वाचक

बरं, मग शेवटचं. निर्वाण मिळालेला माणूस मेला की काय होतं? आत्माच नव्हता तर तो नष्टच झाला ना?

पैलतीर

नेमकं हेच यमक नावाचा भिक्खू म्हणत होता (संयुत्त निकाय, खन्ध वग्ग), क्षीणास्रव, म्हणजे मुक्त झालेला माणूस देह पडल्यावर नष्ट होतो, मरणानंतर उरत नाही. सारिपुत्त त्याच्याकडे जातात आणि एकेक विचारतात. तथागत (बुद्ध) म्हणजे रूप का? नाही. वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान? नाही. तथागत यांच्यात आहेत का? नाही. यांच्या बाहेर? नाही. सगळे मिळून? नाही. यांच्यावाचून? नाही. मग सारिपुत्त म्हणतात, इथे जिवंतपणीच तुला तथागत खरोखर सापडत नाहीत, तर मेल्यावर नष्ट होतात हे कशावरून म्हणतोस? यमक तिथेच आपलं मत सोडतो.

आणि याच्या शेजारी बृहदारण्यकातल्या मैत्रेयीला, याज्ञवल्क्याच्या पत्नीला ठेवा. याज्ञवल्क्य तिला म्हणतो "न प्रेत्य संज्ञास्ति", गेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही. ती म्हणते तुम्ही मला गोंधळात टाकलंत. त्यावर तो नष्ट होण्याची भाषा करत नाही, तो म्हणतो जिथे दोन असतात तिथे एक दुसऱ्याला बघतो, जिथे सगळं आत्माच झालं तिथे कोण कुणाला बघणार, जाणणाऱ्याला कशाने जाणणार? "नष्ट झाला" हे दोघंही म्हणू देत नाहीत, एक म्हणतो सापडलाच नव्हता, दुसरा म्हणतो त्याच्यावाचून दुसरं काही नव्हतं.

अनाहत_५

"सापडलाच नव्हता" आणि "दुसरं काही नव्हतं" यातलं अंतर किती, यावरच वेगळा धागा काढा राव. निर्वाण आणि मोक्ष असाच विषय घ्या.

वेदवती

आणि त्यात वैकुंठाला पण जागा ठेवा, नाहीतर परत फक्त अद्वैतच चालेल.

पैलतीर

काढतो. वैष्णव बाजू वेदवतीताईंनी मांडावी आणि निळी_पहाट यांनी २२ प्रतिज्ञांवर आणखी लिहावं ही विनंती. त्याआधी जमलं तर सगळ्यांनी अलगद्दूपम सुत्त आणि बृहदारण्यकाचा चौथा अध्याय वाचून या, चर्चा तिथूनच सुरू करू.